घरमालकिणीने बोलायचं नाही

त्या वस्तीत घर बांधायचा एक नियम होता. नवा माणूस तो ऐकून आधी हसायचा आणि मग चक्रावायचा. ज्याचं घर बांधलं जातंय त्याने कामाला हात लावायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. अंगणात एक स्टूल ठेवलेलं असायचं. घरमालकाने त्यावर बसायचं, हाताची घडी, तोंडावर बोट. पाणी द्यायला परवानगी होती, चहा द्यायचा तर आग्रहच होता. पण "ही खिडकी जरा इकडे घेतली तर..." एवढं अर्धं वाक्य जरी निघालं, तरी बांधकाम करणाऱ्या बायका थाप्या धुवायच्या, घमेली पालथी घालायच्या आणि सरळ दुसऱ्या कुणाच्या घरी कामाला लागायच्या. परत कधी येतील ते त्यांच्या मर्जीवर.

नियम काढला होता वस्तादने. वस्ताद म्हणजे कुणी मिशीवाला पैलवान नव्हे. चाळिशी ओलांडलेली, काटक, डोक्याला रुमाल करकचून बांधणारी बाई, आणि वस्तीतली एकुलती एक गवंडी. बाप गवंडी होता, त्याला मुलगा नव्हता, म्हणून थापी हिच्या हातात आली. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी बापाची थापी आणि ओळंबा घेऊन आली. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. भिंत सरळ उभी आहे की तिचा तोल जातोय ते तो सांगतो. नवी नवरी ट्रंकेतून लोखंड काढतेय हे बघून शेजारणी तोंडावर हात ठेवून हसल्या. सासू मात्र दारात उभी राहून म्हणाली, "हसा, हसा. उद्या तुमच्या भिंती बसतील तेव्हा हिच्याच पाया पडाल."

आणि तसंच झालं की. त्या वस्तीतली घरं म्हणजे नुसती नावाला घरं होती. मातीच्या भिंती, त्यात कमरेपर्यंत चढलेली ओल. जोराचा वारा सुटला की पत्रे उडू नयेत म्हणून लोक त्यांवर दगड ठेवायचे आणि मग दगड डोक्यात पडेल म्हणून रात्रभर जागायचे. धुराला बाहेर जायला वाट म्हणजे दार, आणि माणसांना आत यायलाही तेच. पुरुष खाणीवर नाहीतर ट्रकवर, महिना महिना बाहेर. शेवटी एका संस्थेने ठरवलं की विटा, सिमेंट, लाकूड, पत्रा आम्ही देतो, नकाशे काढून देतो. हात मात्र तुमचे. संस्थेचा इंजिनिअर भला माणूस होता. ओल वर चढू नये म्हणून जोत्यावर डांबराचा थर कसा द्यायचा, ते त्याने स्वतः गुडघ्यांवर बसून दाखवलं. पण रोज उभं राहून बांधणार कोण? वस्तादने घरोघरच्या बायका गोळा केल्या आणि त्यांच्या हातात थाप्या दिल्या.

पहिलं घर पोस्टमनचं होतं. पोस्टमन निवृत्त झालेला, दिवसभर मोकळा, आणि उंटावरचा शहाणा. खिडकी त्याने आधी डावीकडे सरकवायला लावली, मग उजवीकडे, मग म्हणाला पहिलीच जागा बरी होती. बांधलेली भिंत पुन्हा पुन्हा उतरवून वस्तादच्या नाकी नऊ आले. त्या दिवशी तिने घरातलं स्टूल उचलून अंगणात आपटलं, पोस्टमनला त्यावर बसवलं आणि नियम सांगितला. म्हणाली, "घर तुमचं, पण भिंत उभी राहीपर्यंत ती आमची. चूल पेटली की मग बोला हवं तेवढं." लोकांना आधी ही गंमत वाटली. मग शिंपिणीच्या नवऱ्याने दाराच्या उंचीवरून तोंड उघडलं आणि त्यांचं घर छपराविना, ताडपत्रीखाली कितीतरी दिवस तसंच राहिलं, तेव्हा गंमत संपली. त्यानंतर सगळीकडे अळीमिळी गुपचिळी.

आणि काम बघावं तर असं, की बोलायचं कारणच उरत नव्हतं. खोटं कशाला बोला, त्या बायकांनी जी घरं उभी केली तशी भल्याभल्या कंत्राटदारांना जमली नसती. कोरडी, सरळ, प्रत्येक खोलीला उजेड, प्रत्येक चुलीला धुराडं. लेकरं खोकायची थांबली. अंथरुणं सकाळी कोरडी निघायला लागली. ज्या बायकांनी जन्मात विळीशिवाय काही हातात धरलं नव्हतं, त्या आता येता-जाता एकमेकींच्या भिंतींवर हात फिरवून म्हणायच्या, हा कोपरा माझा.

फक्त एका घराची कळा तशीच होती, आणि ते घर होतं वस्तादचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिची पाळी आली की ती म्हणायची, आधी हिचं करू, हिच्याकडे तान्हं बाळ आहे. मग म्हणायची, आधी तिचं, तिच्या पायाला दुखापत आहे. असं करता करता सगळी वस्ती कोरडी झाली आणि वस्तादचं घर टेकडीच्या पायथ्याशी, मागची भिंत टेकडीला जवळपास टेकवून, ओल पीत बसलं. टेकडीवरून झिरपलेलं पाणी त्या भिंतीत मुरायचं. भिंतीवरून हात फिरवला की पांढरी भुकटी तळव्याला लागायची. चूल त्याच मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात, तिच्यावर पत्र्याचं एक जुनं नळकांडं धुराडं म्हणून लावलेलं. नवरा ट्रकवर. घरात दिवसभर एकटी सासू.

सासूची छाती गेली होती. गेल्या थंडीत ती अशी आजारी पडली की बसल्या बसल्या धाप लागायची, आणि झोपलं तर श्वासच मिळायचा नाही. डॉक्टरने वस्तादला बाजूला घेऊन सांगितलं, औषध मी देईन, पण ही ओल आणि हा धूर दोन्ही गेल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही. पुढची थंडी या घरात काढली तर जड जाईल.

हे ऐकून शहरातून नणंद आली. वस्तादची नणंद म्हणजे सासूची थोरली लेक. शिकलेली, बँकेत नोकरीला, मनाने चांगली, पण बोलणं शिक्का मारल्यासारखं. तिने घर पाहिलं, भिंतीवरची भुकटी बोटाने पाहिली आणि म्हणाली, "वहिनी, राग मानू नकोस. सगळ्या वस्तीला घरं बांधलीस आणि माझ्या आईला या खोलीत ठेवलंस. थंडी पडायच्या आत मी गाडी घेऊन येते. घर कोरडं असेल, धूर नसेल, तर आई राहील. नाहीतर मी तिला घेऊन जाईन, आणि मग कुणी आडवं येऊ नये."

वस्तादने ऐकून घेतलं. एक शब्द खोटा नव्हता. मान खाली घालून म्हणाली, "बरं, वन्सं."

सासू तिच्या खाटेवरून म्हणाली, "मला विचारलंत का कुणी? पाचव्या मजल्यावर नेऊन बाल्कनीत ठेवशील मला, कुंडीसारखी. येता-जाता पाणी घालशील."

"आई, तुझ्या जिवासाठीच सांगतेय."

"जीव इथेच आहे माझा," सासू म्हणाली आणि खोकायला लागली. तो खोकला थांबेपर्यंत दोघी नणंद-भावजया एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या.

मग मात्र वस्तादने दुसऱ्याच दिवशी बायकांना बोलावलं. जुनं घर पाडायचं आणि त्याच जागी नवं बांधायचं. तोवर सासूची खाट शेजारी शिंपिणीच्या नव्या घरात न्यायची. सगळ्या बायका आल्या. त्यांच्यात तिघी कायमच्या पुढे असायच्या. एक शिंपीण, जिचा हात इतका नेमका की विटांमधली फट ती शिवणीसारखी सरळ ठेवायची. दुसरी बुटकी, जी पालथ्या घमेल्यावर उभी राहून सगळ्यात उंच थर लावायची आणि वरून सगळ्यांना शिव्या द्यायची. तिसरी हवालदारीण. तिच्या घराण्यात कुणीही कधी पोलिसात नव्हतं, पण आवाज असा की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा रांगेत चालायची.

जुनं घर पाडून जागा मोकळी झाली तशी वस्तादने रुमाल बांधला, थापी हातात घेतली आणि नव्या पायाची दोरी धरायला खाली वाकली. तेवढ्यात हवालदारणीने अंगणात स्टूल आणून ठेवलं.

"बसा, वस्ताद."

वस्ताद हसली. "चल गं, काम कर."

"घर कुणाचं बांधतोय?"

"माझं."

"मग बसा. ज्याचं घर त्याने हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. नियम कुणी केला?"

"अगं, पण मी गवंडी आहे."

"पोस्टमन पण आधी पोस्टमनच होता," हवालदारीण म्हणाली. "स्टुलावर बसला की सगळे घरमालक."

बुटकीने पुस्ती जोडली, "आणि वस्ताद, थापी ठेवा खाली. हातात थापी असली की तुमच्याच्याने राहवणार नाही."

वस्तादने शिंपिणीकडे पाहिलं. वाटलं, ही तरी समजून घेईल. शिंपीण शांतपणे म्हणाली, "माझं घर ताडपत्रीखाली होतं तेव्हा मी तुमच्याकडे रडत आले होते, वस्ताद. तुम्ही म्हणालात, आज तुझ्यासाठी मोडला तर उद्या सगळ्यांसाठी मोडेल. खरंच होतं ते. म्हणून तर सगळ्यांची घरं झाली."

वस्ताद स्टुलावर जाऊन बसली. गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय.

तिचे पहिले दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या केल्या, तिला स्वतःच्या भिंतीकडे नुसतं बघत बसायचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सिमेंटचा माल कालवताना पाणी जरा जास्त पडलं असं वाटलं की तिची बोटं आपोआप वळायची. दोरी ताणताना कुणी खोकलं तरी ती अर्धी उठायची. हवालदारीण तिच्याकडे नुसती बघायची, की वस्ताद पुन्हा खाली. मग ती उगाच चहा करायला शिंपिणीच्या घरी पळायची. त्या दिवसांत बायकांनी इतका चहा प्यायला की बुटकी म्हणाली, "वस्ताद, आता आम्ही भिंतीतसुद्धा चहाच भरू."

पण हळूहळू तिला दिसायला लागलं. आजवर भिंत बांधताना तिची नजर आपल्या हातातल्या विटेवर असायची. बाकीच्या काय करतात ते ती फक्त चूक शोधायला बघायची. आता चूक सापडली तरी बोलता येत नव्हतं, म्हणून ती नुसतंच बघत राहिली. मागची भिंत टेकडीपासून सुटी करायला बायकांनी मध्ये चर खणला, त्यात खडी भरली, चराचा उतार वस्तीसमोरच्या तळ्याच्या दिशेने काढून दिला. हे तिने कुणाला करायला सांगितलं नव्हतं. पाण्याला उतार दाखवला की ते भांडत नाही, एवढंच ती केव्हातरी बोलली होती. जोत्यावरचा डांबराचा थर देताना शिंपिणीने कोपऱ्यात तो दुहेरी मुडपला, कापडाची कड मुडपावी तसा. वस्तादने आजवर कोपरा कधी मुडपला नव्हता. तिला कौतुकही वाटलं आणि थोडी लाजही.

बुटकी रोज जायच्या आधी ओळंबा सोडायची, दोरी थांबेपर्यंत श्वास धरून उभी राहायची, आणि मग वस्तादकडे न बघता खाली उतरायची. विचारायचं नाही, शाबासकी मागायची नाही. वस्तादला म्हणावंसं वाटायचं, बायांनो, माझ्या बापाने पाहिलं असतं तर तुमच्या हातांवरून त्याने हात फिरवला असता. पण तेही बोलणंच झालं असतं, म्हणून ती तेसुद्धा गिळायची.

सगळं असं छान चाललेलं, आणि मग आली चूल.

धुराड्याबद्दल वस्तादचा एक पक्का धडा होता. सगळ्या बायकांनी तो पाठ केला होता. धुराडं नेहमी दारापासून लांबच्या कोपऱ्यात घ्यायचं. दारातून आलेला वारा धुराला पुढे ढकलतो आणि धूर गुमान वर जातो. बापाने तिला हेच शिकवलं होतं, आणि वस्तीतल्या प्रत्येक घरात ते तसंच होतं, आणि प्रत्येक घरात धूर वर जात होता. त्या सकाळी मात्र शिंपिणीने चुलीच्या विटा उचलल्या, मागच्या कोपऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि सरळ पुढच्या भिंतीत, दाराच्या बाजूला, चुलीचा पहिला थर मांडला.

वस्ताद ताडकन उठली. तोंड उघडलंसुद्धा. हवालदारणीने माल कालवायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं. बुटकीने पालथ्या घमेल्यावरून पाहिलं. शिंपिणीने मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला. एक शब्द बोलली असती तर थाप्या धुतल्या गेल्या असत्या, आणि थंडी तर उंबऱ्याशी आली होती. नणंदेचा निरोप आला होता, येत्या आठवड्यात गाडी घेऊन येतेय. बोललं तर घर अर्धवट राहणार. नाही बोललं तर धूर घरात कोंडणार. दोन्हीकडून सासूची खाट गाडीत चढणार होती.

ती तोंड मिटून तशीच वळली आणि शिंपिणीच्या घरी गेली. सासू खिडकीशी उशीला टेकून बसली होती.

"आई, त्या चूल पुढच्या भिंतीत घेतायत. सगळं वाटोळं होणार."

"मग सांग त्यांना."

"सांगू कसं? काम थांबवतील. वन्सं येऊन ठेपतील."

"मग नको सांगू."

"आणि धूर तुमच्या छातीत गेला म्हणजे?"

"मग सांग."

"आई, तुम्हाला थट्टा सुचतेय."

सासू हसली, हसताना खोकली, आणि खोकला ओसरेपर्यंत तिने सुनेचं मनगट धरून ठेवलं. मग म्हणाली, "त्यांना तू शिकवलंयस ना?"

"हो."

"मन लावून शिकवलंयस? हातचं राखून नाही?"

"हातचं राखून कशाला शिकवेन?"

"मग जा, बस जाऊन स्टुलावर. आणि येताना माझा चहा आण. तुझ्या बायकांना दिवसभर पाजतेस, मला विचारतेस का?"

वस्ताद स्टुलावर जाऊन बसली. त्या दिवसांइतका राग तिला कधी आला नव्हता, आणि राग कुणावर काढावा हेही कळत नव्हतं. डोळ्यांसमोर धुराडं थराथराने चढत होतं. काम नेहमीसारखंच सुरेख, त्याला बोट लावायला जागा नाही, आणि जागा मात्र साफ चुकलेली. पुढच्या भिंतीतून ते छपराच्या कण्याच्याही वर गेलं. त्यावर बुटकीने टोपी बसवली आणि टाळ्या वाजवल्या. वस्तादला त्या टाळ्या गालात मारल्यासारख्या लागल्या. पण ती बोलली नाही. मनात ठरवून टाकलं, धूर कोंडला तर आपणच आईंचं सामान बांधायचं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

नणंद आली ती दुपारच्या वेळी. चूल पेटवायचा दिवस तोच धरला होता. गाडीची मागची सीट आडवी करून तिने आईसाठी गादी अंथरून आणली होती. ती आधी घरभर फिरली. भिंतींना हात लावला, मागच्या खोलीत गेली, खिडकी उघडून पाहिली, बंद करून पाहिली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "वहिनी, भिंत कोरडी आहे. मान गए. आता धूर बघू."

हवालदारणीने आणि शिंपिणीने सासूला दोन्हीकडून धरून आणलं आणि चुलीपासून हातभर अंतरावर पाटावर बसवलं. वस्तादला वाटलं, इतक्या जवळ कशाला? दुपारची वेळ, तळ्यावरून वारा भरात आलेला, झाडं नुसती डोलत होती. बुटकीने चुलीत काटक्या रचल्या आणि काडी ओढली.

धूर आधी चुलीच्या तोंडाशी घुटमळला. वस्तादने डोळे मिटले. सासूच्या पहिल्या खोकल्याची वाट बघत ती तशीच उभी राहिली. खोकला आला नाही. काटक्या तडतडल्या, कुणीतरी मोठं लाकूड सरकवल्याचा आवाज आला, नणंदेच्या बांगड्या वाजल्या. खोकला आलाच नाही. तिने डोळे उघडले तेव्हा चूल लालभडक पेटली होती. धूर असा वर खेचला जात होता की पेटवायला धरलेल्या कागदाची राखसुद्धा त्यामागे गेली. सासू मांडी घालून, तळवे शेकत, निवांत बसली होती.

वस्ताद धावत बाहेर गेली. मान वर करून पाहिलं. वारा तळ्याकडून येत होता, छपरावरून जाऊन मागच्या टेकडीवर आदळत होता आणि तिथून उलटा फिरून मागच्या कोपऱ्यावर पडत होता. तिथली धूळ, वाळली पानं, सगळं गोल गोल फिरत खाली बसत होतं. नेमकं तिथेच, जिथे जुनं नळकांडं होतं. पुढचं धुराडं मात्र त्या वाऱ्याच्या वर डोकं काढून उभं होतं. वस्ती सपाटीवर होती. टेकडीच्या पायाशी घर होतं ते एकट्या हिचं. आणि ती रोज उजाडता घर सोडायची ते दिवे लागताना परतायची, वारा पडलेला असायचा. चूल पेटलेली असताना दुपारचं आपलं घर तिने गेल्या कित्येक वर्षांत पाहिलंच नव्हतं.

ती आत आली. चूल पेटली होती, नियम संपला होता. बोलायला आता मोकळीक होती. म्हणाली, "चूल इथे घ्यायचं कुणी सांगितलं?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटी शिंपीण म्हणाली, "पाडायच्या आधी मी भिंत पाहिली, वस्ताद. तुमच्या जुन्या चुलीची काजळी वर नव्हती, खाली होती. पार खाटेपर्यंत. मी अंगावर माप घेतल्याशिवाय कापड कापत नाही. म्हणून जिच्या अंगावर ते घर होतं तिलाच विचारलं."

सगळ्यांच्या नजरा सासूकडे वळल्या. सासू चुलीत बघत होती.

"आई, धूर दुपारी रोज उलटा यायचा?"

"यायचा."

"आणि मला कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं?" सासू म्हणाली. "दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधून तू यायचीस, हाताची सालं गेलेली. त्यात माझं रडगाणं कशाला. सांगितलं असतं तर आपलं घर आधी धरलं असतंस. आणि मग त्या तान्ह्या बाळाच्या घराचं काय झालं असतं?"

वस्ताद सासूच्या पाटाशेजारी बसली. रडू लपवायला तिच्याकडे काही नव्हतं, म्हणून ती रागावली. हवालदारणीला म्हणाली, "आणि तू गं? मला स्टुलावर मुकं बसवलंस आणि आईंना बोलू दिलंस? नियम मोडलात की."

"कुठे मोडला?" हवालदारीण म्हणाली. "मी आधी विचारलं त्यांना. म्हटलं, मावशी, घरमालकाने बोलायचं नाही. तर म्हणाल्या, मी कुठे मालकीण? घर माझ्या सुनेचं आहे. तिने कमावलंय. मी तिच्याकडे राहते."

नणंदेने आईकडे पाहिलं. ज्या आईने लेकीच्या लग्नात, मुलाच्या लग्नात, भांडणात, दुखण्यात, उठता-बसता 'माझं घर, माझं घर' केलं होतं, तीच ही. नणंद चुलीजवळ बसली, धुराड्याच्या भिंतीवर हात टेकवून थोडा वेळ राहिली.

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. दारात येऊन विचारू लागला, "सामान किती आहे? निघायचं ना?"

नणंद म्हणाली, "आई?"

"मला काय विचारतेस," सासू म्हणाली. मग तिने सुनेकडे पाहिलं, आणि या खेपेला तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "ठेवशील का गं मला?"

वस्तादच्या तोंडून शब्द फुटेना. इतके दिवस बोलायची बंदी होती तेव्हा मनात शब्दांची नुसती गर्दी होती. ती उठली, दारात गेली, आणि गाडीवाल्याला म्हणाली, "सामान काही नाही. ती गादी तेवढी आत आणून द्या, आज आमच्या वन्सं इथेच झोपणार आहेत."